गरजांची उतरंड

आधीं पोटोबा, मग विठोबा ही म्हण मराठी माणसाला कोणी शिकवावी लागत नाहीं. तीच गोष्ट अमेरिकेंतील एका मानसशास्त्रज्ञानें १९४३ सालीं एका शास्त्रीय नियतकालिकाचीं सत्तावीस पानें खर्चून सांगितली व तेवढ्यानें त्याचें नांव जगभर झालें, असें म्हटलें तर वाचकांस ती थट्टा वाटेल. ती सर्वस्वीं थट्टा नाहीं. अब्राहम मॅस्लो यांचा मनुष्याच्या प्रेरणांवरील तो निबंध आज क्वचितच कोणी वाचतो. परंतु त्यावरून काढलेलें एक त्रिकोणी चित्र मात्र शिक्षकांच्या अभ्यासक्रमांत, परिचारिकांच्या पाठ्यपुस्तकांत, व्यापारी कंपन्यांच्या शिकवणीवर्गांत, सर्वत्र आढळतें. तळाशीं अन्नपाणी, त्यावर सुरक्षितता, त्यावर प्रेम, त्यावर मान, आणि टोंकाला एक बोजड नांवाची गरज. खालची पायरी चढल्यावांचून वरची दिसावयाचीच नाहीं, असा त्या चित्राचा सांगावा. हें चित्र आणि तो निबंध यांत किती अंतर आहे, आणि खुद्द निबंध तरी कितपत टिकतो, हें पाहण्याचा आमचा येथें विचार आहे. विषय केवळ पंडितांचा असता तर आम्ही त्याच्या वाटेस गेलों नसतों. पण 'आधीं त्यांचीं पोटें भरूं द्या, बाकीचें मग पाहूं' हें वाक्य दुसऱ्यांविषयीं बोलतांना आतां शास्त्राच्या नांवानें बोललें जाऊं लागलें आहे, आणि तें आम्हांस सोडून देतां येत नाहीं.

प्रथम ग्रंथकर्त्याविषयीं. मॅस्लो यांचा जन्म १९०८ सालीं न्यूयॉर्कमधील ब्रुकलिन भागांत, रशियांतून आलेल्या ज्यू आईबापांच्या पोटीं झाला. विस्कॉन्सिन विद्यापीठांत हॅरी हार्लो यांच्या हाताखालीं त्यांनीं माकडांतील वर्चस्वाचा अभ्यास केला. १९३८ च्या उन्हाळ्यांत कॅनडांतील अल्बर्टा प्रांतांत ब्लॅकफूट लोकांमध्यें ते राहून आले. पर्ल हार्बरवरील हल्ल्यानंतर थोड्याच दिवसांत रस्त्यानें जाणारी एक केविलवाणी मिरवणूक पाहून आपल्या डोळ्यांस पाणी आलें, आणि युद्ध व द्वेष यांचा उलगडा करील असें मानसशास्त्र उभारण्याचा निश्चय आपण तेव्हांच केला, अशी आठवण ते पुढें सांगत. कारखान्यांतील माणसांकडून अधिक काम कसें काढावें हा प्रश्न तो निबंध लिहितांना त्यांच्यापुढें नव्हता, एवढें येथें लक्षांत ठेवलें म्हणजे पुरे.

त्यांच्यापूर्वीं या प्रांतांत काय चाललें होतें? १९०८ सालीं विल्यम मॅकडुगल यांनीं मनुष्याचें वर्तन मोजक्या सहजप्रवृत्तींच्या साह्यानें समजावून दिलें. युक्ति सोपी, म्हणून ती पुष्कळांनीं उचलली. १९२४ सालीं बर्नार्ड नांवाच्या समाजशास्त्रज्ञानें निरनिराळ्या ग्रंथकारांनीं मानलेल्या प्रवृत्तींची मोजदाद केली तेव्हां तो आंकडा हजारांवर गेला. प्रत्येक वर्तनामागें एक प्रवृत्ति मानली कीं कांहींच उलगडावयाचें उरत नाहीं आणि कांहीं उलगडतहि नाहीं. हेन्री मरे यांनीं १९३८ सालीं सुमारें वीस गरजांची यादी केली. दुसरीकडे प्रयोगशाळेंतील मंडळी उपाशी उंदीर चक्रव्यूहांत सोडून सर्व प्रेरणेचें मूळ शरीरांतील तुटींत शोधीत होती. त्या पंथाचे धुरीण क्लार्क हल यांचा मुख्य ग्रंथ मॅस्लो यांच्या निबंधाच्याच सालचा आहे.

मॅस्लो यांनीं नवें केलें तें हें कीं यादी सोडून त्यांनीं क्रम सांगितला. अधिक निकडीची गरज अपुरी असेपर्यंत मन तिच्या ताब्यांत असतें. ती भागली कीं प्रेरणा म्हणून ती उरतच नाहीं, आणि तिच्या जागीं दुसरी उभी राहते. 'गरज सरो, वैद्य मरो' ही आमची म्हण कृतघ्नांची निंदा करण्यासाठीं आहे. मॅस्लो यांनीं तीच गोष्ट निंदेवांचून, मनाचा नियम म्हणून मांडली. भुकेल्या उंदरावरून माणसाची प्रेरणा ठरवूं नका, कारण सुस्थित समाजांत 'भूक लागली' असें म्हणणाऱ्याला बहुधा खरी भूक नव्हे तर खाण्याची इच्छा झालेली असते, हा त्यांनीं प्रयोगशाळावाल्यांस दिलेला टोला मार्मिक आहे. माणूस तृप्त झाल्यावर काय होतें हा प्रश्नच त्या काळच्या शास्त्रानें विचारलेला नव्हता. तो विचारल्याचें श्रेय त्यांचें आहे आणि तें कोणी हिरावूं नये.

मूळ इंग्रजी संज्ञेसाठीं आम्ही 'उतरंड' हा शब्द योजिला आहे. पूर्वीं घरोघरीं माठावर मडकें, मडक्यावर गाडगें, गाडग्यावर बोळकें अशी रचलेली असे, तीच ही उतरंड. तळचा माठ फुटला तर सगळी खालीं येते, इतकें मॅस्लो यांच्या मताशीं जुळतें. पण उतरंड रचणारी घरधनीण वरच्या बोळक्यांत हिंग-मोहरी भरण्यापूर्वीं खालचा माठ कांठोकांठ भरला आहे कीं नाहीं हें पाहत बसत नाहीं. ज्याचें त्यांत ती ठेवते. ही उपमा आम्ही सहज घेतली. पुढें ती उपयोगी पडणार आहे.

टोंकावरच्या गरजेचें भाषांतर करतांना आमच्या लेखकांची फारच ओढाताण झाली आहे. 'आत्मसाक्षात्कार' असा शब्द योजिलेला आम्ही पाहिला आहे. तो वाचून भाविक वाचक ज्ञानोबा-तुकोबांची वाट धरील, आणि मॅस्लो तर केवळ इतकेंच म्हणतात कीं ज्याच्या अंगीं गाणें आहे त्याला गाइल्यावांचून चैन पडत नाहीं. ही कल्पना त्यांनीं कुर्ट गोल्डस्टाइन या जर्मन वैद्याकडून घेतली. पहिल्या महायुद्धांत मेंदूला इजा झालेल्या सैनिकांवर उपचार करतांना गोल्डस्टाइन यांना दिसलें कीं दुखावलेला जीवहि आपल्या उरल्यासुरल्या शक्तींचा पुरेपूर उपयोग करण्याकडे धांवतो. तेव्हां 'आत्मविकास' हा साधा शब्द पुरेसा आहे. अन्नमय कोशापासून आनंदमय कोशापर्यंतचा तैत्तिरीय उपनिषदांतील क्रम दाखवून 'हें आमच्याकडे आधींच होतें' असें म्हणणारेहि भेटतात. तेथें प्रश्न आत्मा कशाला म्हणावें हा आहे, माणूस कशासाठीं धडपडतो हा नव्हे. पांच आणि पांच जुळले म्हणून दोन शास्त्रें एक होत नाहींत.

आतां त्रिकोणाविषयीं. तो १९४३ च्या निबंधांत नाहीं. १९५४ सालीं निघालेल्या 'मोटिव्हेशन अँड पर्सनॅलिटी' या ग्रंथांतहि नाहीं. ब्रिजमन, कमिंग्ज व बॅलर्ड या तिघा संशोधकांनीं २०१९ सालीं त्याचा माग काढला, तेव्हां सर्वांत जुना असा जो त्रिकोण त्यांना आढळला तो १९६० सालच्या एका व्यापारविषयक मासिकांतला, चार्ल्स मॅक्डर्मिड नांवाच्या सल्लागाराचा. लेखाचा विषय होता, पैशानें माणसाला कामास कसें प्रवृत्त करतां येतें! चित्र सुटसुटीत झालें, पण तें काढतांना निबंधांतील निम्मा शहाणपणा गळून पडला. मॅस्लो यांनीं स्पष्ट लिहिलें आहे कीं एक गरज शंभर टक्के भागल्यावरच दुसरी उठते असें नाहीं. सामान्य माणसाच्या शरीराच्या गरजा समजा ८५ टक्के, सुरक्षिततेच्या ७०, प्रेमाच्या ५०, मानाच्या ४० आणि आत्मविकासाच्या १० टक्के भागलेल्या असतात. हे आंकडे आपण मनानें घेतले आहेत, अशी कबुलीहि तेथेंच आहे. शिवाय निबंधांत आणखी दोन प्रकरणें आहेत, त्यांना त्रिकोणांत जागाच मिळाली नाहीं. एक, जाणण्याच्या व समजून घेण्याच्या इच्छेविषयीं. दुसरें, मूलभूत गरजा भागण्यासाठीं जी परिस्थिति आधीं असावी लागते तिच्याविषयीं: बोलण्याचें स्वातंत्र्य, शोध घेण्याचें स्वातंत्र्य, न्याय, सचोटी. यांवर घाला आला तर माणूस जणूं गरजांवरच घाला आल्यासारखा चवताळतो, असें मॅस्लो म्हणतात. म्हणजे न्याय हा त्यांच्या मतें वरच्या मजल्यावरचा ऐषआराम नसून पायाखालची जमीन आहे. हें प्रकरण वगळून जो त्रिकोण उरला तो मॅस्लो यांचा म्हणावा कीं नाहीं, याचा निर्णय वाचकांनीं करावा.

येथवर आम्ही निबंधाची बाजू घेतली. परंतु त्रिकोण खोटा ठरला म्हणून निबंध खरा ठरत नाहीं.

भूक माणसाला पार व्यापून टाकते या विधानाला पुरावा म्हणून मिनेसोटा येथील प्रयोगाकडे नेहमीं बोट दाखविलें जातें. १९४४ च्या नोव्हेंबरांत अॅन्सेल कीझ यांनीं छत्तीस तरुण निवडले, आणि पुढें सहा महिने त्यांना इतकें तोकडें अन्न दिलें कीं त्यांचें वजन सुमारें चतुर्थांशानें घटलें. ते तरुण चिडचिडे झाले, एकमेकांना टाळूं लागले, त्यांना स्त्रियांविषयीं ओढ उरली नाहीं. जेवणाचीं वर्णनें, पाकशास्त्राचीं पुस्तकें यांतच त्यांचें मन गुंतलें. १९५० सालीं दोन जाडजूड खंडांत ही हकीकत प्रसिद्ध झाली. मॅस्लो यांच्या पक्षाला याहून चांगला साक्षीदार कोठला? पण हे छत्तीस तरुण आले कोठून हें विचारलें म्हणजे साक्ष उलटते. युद्धांत शस्त्र धरणें आपल्या सदसद्विवेकबुद्धीला पटत नाहीं म्हणून सैन्यांत जाण्याचें नाकारलेले ते लोक होते, आणि युरोपांतील उपासमारीनें गांजलेल्यांना पुन्हा अन्नावर कसें आणावें हें शास्त्राला कळावें म्हणून त्यांनीं आपणहून उपवास पत्करला होता. भुकेनें त्यांचीं स्वप्नें व्यापलीं, तरी बहुतेक सर्वांनीं तो प्रयोग तडीस नेला. भूक मनांत काय भरते आणि माणूस शेवटीं काय करतो, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. निबंधांत ते एकच झाले आहेत, आणि आमच्या मतें त्याचा मुख्य दोष हाच.

ध्येयासाठीं सर्वस्व सोडणारे हुतात्मे असतात हें मॅस्लो यांना ठाऊक होतें. क्रमाच्या अपवादांत त्यांनीं तशी नोंद केली आहे. पण त्यांचें त्यांनीं दिलेलें कारण पाहण्यासारखें आहे. ज्यांच्या मूलभूत गरजा बाळपणीं भरपूर भागलेल्या असतात त्यांच्या अंगीं असें बळ येतें कीं पुढील आयुष्यांत त्या गरजांची उपेक्षा झाली तरी ते तग धरतात, असें तें कारण. म्हणजे हुतात्माहि एकदां उतरंड चढून गेलेलाच असावयाचा. लेनिनग्राडला १९४१ पासून १९४४ पर्यंत जर्मन फौजांचा वेढा होता, तेव्हां तेथील वनस्पतिसंस्थेंतले कित्येक शास्त्रज्ञ तांदूळ, ओट, भुईमूग यांच्या बियाण्यांनीं भरलेल्या खोल्यांत उपासमारीनें मेले, पण पुढील पिकांसाठीं राखलेल्या त्या संग्रहाला त्यांनीं हात लावला नाहीं. तो संग्रह उभारणारे वाविलोव्ह त्याच सुमारास, १९४३ च्या जानेवारींत, सरातोव्हच्या तुरुंगांत उपासमारीनें खंगून वारले. मॅस्लो यांचा निबंध प्रसिद्ध झाला तेंच हें साल. या शास्त्रज्ञांविषयीं कोणी म्हणेल कीं ते शिकलेसवरलेले, त्यांचें बाळपण बरें गेलें असेल. असेल. आपण तें धरून चालूं.

पण महाडचें काय? चवदार तळ्याची हकीकत मराठी वाचकांस नव्यानें सांगावयास नको. या प्रश्नाच्या बाजूनें मात्र तिच्याकडे फारसें कोणी पाहिलेलें आमच्या वाचनांत नाहीं. १९२३ सालीं रा. ब. बोले यांचा ठराव मुंबईच्या कायदेमंडळांत मंजूर होऊन सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांस खुले झाले. पुढल्या सालीं महाडच्या नगरपालिकेनेंहि तसा ठराव केला, आणि दोन्ही ठराव कागदावर राहिले. १९२७ च्या मार्चच्या २० तारखेला डॉ. आंबेडकर परिषदेस जमलेल्या लोकांसह तळ्यावर गेले व त्यांनीं पाणी प्राशन केलें. त्याच दिवशीं गांवांत त्या लोकांना मारहाण झाली. मागाहून तळें 'शुद्ध' करून घेण्यांत आलें. ऑगस्टांत नगरपालिकेनें आपला ठराव मागें घेतला. डिसेंबरांत पुन्हा परिषद भरली तेव्हां दिवाणी कोर्टाचा मनाईहुकूम आडवा आला, आणि उच्च न्यायालयाचा अखेरचा निकाल अस्पृश्यांच्या बाजूनें लागावयास १९३७ साल उजाडलें. डिसेंबरच्या परिषदेंत डॉ. आंबेडकरांनीं या चळवळीचा हेतु उघड करून सांगितला होता. या तळ्याच्या पाण्यावांचून आम्ही आजवर मेलों नाहीं, आणि तें प्यालों म्हणून अमर होणार नाहीं. इतरांप्रमाणें आम्हीहि माणसें आहों हें ठरविण्यासाठीं आम्हांला तेथें जावयाचें आहे, असा त्यांच्या सांगण्याचा भावार्थ.

पाणी ही उतरंडीच्या अगदीं तळच्या माठांतली वस्तु. त्याच ओंजळींत मान होता. त्यांतील तहान कोणती आणि मान कोणता हें कोण निवडून दाखवील? त्या ओंजळीसाठीं त्या लोकांनीं दुसरी पायरी, म्हणजे स्वतःची सुरक्षितता, जाणूनबुजून धोक्यांत घातली. आणि मॅस्लो यांची बाळपणाची अट त्यांना लावूं गेलें तर काय दिसतें? ज्यांच्या आज्यापणज्यांनाहि मान मिळाला नव्हता, ज्यांच्या लेंकरांना शाळेंतल्या माठाला शिवतां येत नव्हतें, तेच मानासाठीं उभे राहिले. भरपूर मिळाल्यानें आलेलें बळ त्यांच्या अंगीं असणें शक्यच नव्हतें. जें कधींच मिळालें नाहीं त्याचीच भूक तेथें बोलत होती.

यावर मॅस्लो यांचा कैवारी म्हणेल कीं त्या लोकांच्या तळच्या गरजा अंशतः भागलेल्या होत्याच, आणि अंशतः भागणें पुरेसें आहे असें निबंधांतच सांगितलें आहे. हा बचाव आम्हांस मान्य नाहीं. किती अंश पुरेसा हें सिद्धांतानें आधीं सांगितलें नसेल तर घडलेलें सर्वच त्यांत बसतें. भुकेला भाकरीकडे धांवला तर क्रम खरा. भाकर सोडून मानाकडे धांवला तर भाकरीची गरज 'पुरेशी' भागली होती. इतकी लवचिक शिडी चढावयाच्या कामाची नाहीं. पुढील संशोधकांनाहि तिच्यावर भार टाकतां आलेला नाहीं. १९७६ सालीं वाहबा व ब्रिडवेल यांनीं तोंवरचे प्रयोग एकत्र तपासले, तेव्हां पांच पायऱ्या किंवा त्यांचा क्रम यांना फारच थोडा आधार सांपडला. २०११ सालीं लुई टे व एड डीनर यांनीं १२३ देशांतील साठ हजारांहून अधिक लोकांचीं उत्तरें पाहिलीं. अन्न, सुरक्षितता, माणसांचा आधार, मान, स्वतःवरचा ताबा या गोष्टी सर्व देशांत सुखाला कारण होतात हें त्यांना दिसलें, आणि बहुधा अन्न व सुरक्षितता लोकांना आधीं मिळतात हेंहि दिसलें. पण एक गरज भागल्यापासून होणारें सुख दुसरी भागण्यावर फारसें अवलंबून नाहीं, असाच त्यांचा निष्कर्ष आहे. घरधनीणीचें बोळकें माठाची वाट पाहत नाहीं, तें असें.

आत्मविकास साधलेल्या पुरुषांचें मॅस्लो यांनीं केलेलें वर्णन तर आम्हांस शास्त्र म्हणून मुळींच पटत नाहीं. लिंकन, जेफर्सन, आइन्स्टाइन, स्पिनोझा, एलेनॉर रूझवेल्ट अशीं आदरणीय माणसें त्यांनीं आधीं निवडलीं आणि मग त्यांच्यांत आदरणीय गुण शोधून काढले. सद्भक्ताच्या हातून संतचरित्र व्हावें तसें तें झालें आहे. वाचावयास गोड, इतकेंच.

हा सर्व खटाटोप कशासाठीं, असें कोणी विचारील. कांहीं वर्षांपूर्वीं एका सभेंत मजुरांच्या वस्तींत वाचनालय काढावें अशी सूचना पुढें आली होती. एका विद्वान वक्त्यानें उठून फळ्यावर हा त्रिकोण काढला, तळच्या रेघेवर खडू आपटला आणि सांगितलें कीं हीं माणसें अजून येथें आहेत, पुस्तकें तेथें वर आहेत. सूचना बारगळली. त्या वस्तींतले दोन तरुण मागच्या बाकावर बसले होते. त्यांना काय हवें हें कोणी विचारलें नाहीं. त्या वक्त्याचा हेतु वाईट होता असें आम्ही म्हणत नाहीं. आपल्या स्वतःच्या घरीं मात्र तो मुलाचें पोट भरलें आहे कीं नाहीं याचा हिशेब करून त्याच्या हातीं पुस्तक देत नसावा. ही उतरंड माणूस स्वतःला क्वचितच लावतो. ती दुसऱ्याच्या दारांत रचलेली असते. 'गरजवंताला अक्कल नसते' या म्हणीचा जो दुरुपयोग होतो, त्याच जातीचा हा आहे: गरजवंताला काय हवें तें इतरांनीं ठरवावयाचें.

मॅस्लो यांना या दुरुपयोगाचा सगळा दोष देणें अन्याय होईल. डग्लस मॅक्ग्रेगर यांनीं १९६० सालीं त्यांच्या मताच्या आधारें कारखान्यांच्या व्यवस्थेवर ग्रंथ लिहिला आणि तेव्हांपासून व्यापारी जगांत मॅस्लो यांचा बोलबाला झाला. १९६२ च्या उन्हाळ्यांत ते स्वतः कॅलिफोर्नियांतील डेल मार येथील एका कारखान्यांत राहिले, आणि तेथील टिपणांचा ग्रंथ १९६५ सालीं निघाला. मॅक्ग्रेगर यांच्या निष्कर्षांना आपल्याच निबंधांचा आधार आहे, आणि तो पाया किती डळमळीत आहे हें इतर कोणाहून आपल्याला अधिक ठाऊक असावयास हवें, अशा अर्थाचें त्यांनीं त्यांत मोकळेपणानें लिहिलें आहे. त्रिकोण छापणारीं पाठ्यपुस्तकें आम्ही बरींच चाळलीं; त्याखालीं ही कबुली छापलेली मात्र एकाहि ठिकाणीं आम्हांस आढळली नाहीं.